जुन्या पेठेतला उघडा ओटा

आधी माझ्यापुढची पाटी वाचा. 'ऐतिहासिक ओटा. कृपया बसू नये.' वाचलीत? तो ऐतिहासिक ओटा मी, आणि आत्ता तुमच्याशी बोलतोय तोही मीच. ज्याच्यावर बसायचं नाही तो ओटा कसला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही भले माणूस आहात. मला तो रोज पडतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात, जुन्या पेठेच्या चौकात माझा मुक्काम. गावाचं नाव सांगत नाही, कारण गावाची बदनामी करायला मी तोंड उघडलेलं नाही. हवा स्वच्छ असली की इथून सातपुडा निळसर दिसतो. चौकाच्या दोन्ही अंगांना माझ्यासारख्या काळ्या दगडी ओट्यांची रांग, मधोमध कडुनिंब, आणि मागे लाकडी सज्ज्यांची जुनी दुकानं. मी कडुनिंबाजवळचा, म्हणजे मोक्याचा. भर उन्हाळ्यात दुपारपर्यंत माझ्यावर सावली असते आणि त्याचा मला पहिल्यापासून थोडा ताठा आहे.

माझा जन्म जवळच्याच खाणीतला. वऱ्हाडात कापसाची तेजी होती तेव्हा ही पेठ वसली. वसवणाऱ्यांनी पाथरवटांना बजावून सांगितलं होतं की भाजीवाल्या बायांना चिखल लागता कामा नये, एवढी उंची द्या. म्हणून मी गुडघाभर उंच आहे. पाथरवटाने मला घडवलं ते कोणी माझे फोटो काढावेत म्हणून नाही. कोणीतरी माझ्यावर मांडी घालून बसावं म्हणून घडवलं, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तसंच झालं.

माझ्यावर दुकान मांडलं ते एकाच माळ्याच्या घरातल्या बायांनी. नदीकाठी त्यांचा मळा. सासू थकली की सून येऊन बसायची. ही जागा कोणी त्यांना लिहून दिली नव्हती आणि त्यांनीही कधी तसं मागितलं नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, तेवढं पुरत होतं.

त्यातली शेवटची झुंबरबाई. लग्न होऊन आली तेव्हा पदर तोंडात धरून सासूच्या मागे बसायची. गिऱ्हाइकाने भाव विचारला की ही सासूकडे बघायची आणि सासू हिला कोपराने ढोसायची. तीच झुंबरबाई आता केस पिकल्यावर काय तिखट झाली होती म्हणून सांगू! एखादी बाई भेंडीची टोकं मोडून बघायला लागली की ही लगेच म्हणायची, "काऊन वं माय, माह्या भेंडीचं पोस्टमार्टम करतं? घ्याची असंन तं घे, नाई तं राहू दे तिले सुखानं."

आणि तीच बाई अख्खा बाजार पालथा घालून शेवटी झुंबरबाईकडूनच भेंडी घ्यायची. माणसांची ही खोड मी कधीपासून बघतोय. पहिल्या ओट्यावर नाक मुरडायचं, सगळीकडे भाव विचारत फिरायचं आणि पुन्हा पहिल्याच ओट्यापाशी यायचं. पेठेत माणसं नुसती भाजी घ्यायला येत नसत. वडनेर भोलजीकडची सोयरीक कुठवर आली, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेला कुठला महिना लागला, हे सगळं माझ्यावर बसून ठरायचं, आणि वर झुंबरबाई कोथिंबिरीची काडी फुकट टाकायची.

माझ्या पुढच्या कडेला एक खाच होती. तीन-चार पिढ्यांतल्या बायांनी तिथे विळ्याला धार लावली होती. सकाळी विळ्यावर पाण्याचा शिपका मारायचा, माझ्या कडेवर दोन-चारदा घासायचा आणि मग भोपळ्याची पहिली फाक कापायची. ती खाच मला फार प्रिय होती. सकाळी विळा घासला गेला की बाजार सुरू झाला असं मला वाटायचं.

आता पेठेची एक रीत सांगतो. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. बाजाराच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, ओटा उघडा ठेवायचा नाही. उघडा म्हणजे रिकामा. जिची जागा ती आजारी असो, बाळंतीण असो, घरात सुतक असो, शेजारणीने आपल्या पाटीतलं मूठभर काहीतरी तिच्या ओट्यावर ठेवायचं. मग येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं की ही जागा कोणाची तरी आहे आणि ती परत येणार आहे. परका माणूस तिथे पथारी टाकत नाही. माझ्या शेजारच्या ओट्यावर मंजुळाबाई मिरची-हळद घेऊन बसायची. झुंबरबाईच्या बाळंतपणात तिने दर शुक्रवारी माझ्यावर लाल मिरच्या ठेवल्या. दगडाला शिंका येत नाहीत म्हणून बरं, नाहीतर मी हैराण झालो असतो.

एवढं सांगितलं म्हणजे पेठेत सगळं छान होतं असं समजू नका. खोटं कशाला बोलू! गटार तुंबून चौकात यायचं. दुकानांचे सज्जे एकेक करून खाली येत होते. प्लास्टिकच्या पिशव्या कडुनिंबाच्या मुळाशी साचायच्या आणि मोटरसायकली थेट माझ्या अंगावर टेकवून ठेवायचे लोक. पावसाळ्यात झुंबरबाई गोणपाट डोक्यावर घेऊन बसायची. पेठेला हात लागायला हवा होता, यात वाद नाही.

तो हात लागावा म्हणून झटले ते नारायणराव. त्यांचं चौकात कापडाचं दुकान. माणूस मनाचा मोठा, बोलण्यात मोठा आणि पोटानेही मोठा. कितीतरी वर्षं त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे जुन्या पेठेच्या जीर्णोद्धाराचं काम मंजूर होण्याच्या बेतात आलं. बातमी आली तेव्हा त्यांनी चौकात पेढे वाटले. एक पेढा झुंबरबाईने माझ्यावर ठेवला आणि मुंग्यांनी माझ्या वतीने खाल्ला.

पाहणीला पुण्याची मंडळी येणार होती, तीही नेमकी शुक्रवारी. नारायणरावांनी कडुनिंबाखाली सगळ्यांना गोळा केलं.

"त्या दिवशी बाजार शाळेच्या मैदानावर भरवू," ते म्हणाले. "पेठ सगळी धुऊन काढाची. सडा, रांगोळी, समदं कसं टापटीप. पाहुण्याईले काय चिखल दाखवाचा?"

"भाऊ, बाकी समदं खरं हाय," झुंबरबाई म्हणाली, "पन बाजाराच्या दिवशी ओटा उघडा ठेवाचा? आजवर नाई ठेवला आपन."

"एका दिवसानं काय होते, झुंबरबाई? पोरीले पाह्याले सोयरे येतात, तवा आंगनातली म्हैस आपन मांगं नेऊन बांधतो का नाई?"

हा दाखला सगळ्यांना पटला. मंजुळाबाईसुद्धा हसली. नारायणरावांनी जाता जाता एक गोष्ट बजावली. कोणी काही विचारलं तर इथे कुणी घाण करत नाही, कुणाचं अतिक्रमण नाही, एवढंच सांगायचं. अतिक्रमण हा शब्द निघाला तर काम अडकेल, अशी त्यांना मनापासून भीती होती. त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

झुंबरबाई एकदा हो म्हणाली की अर्धवट काही करत नाही. त्या शुक्रवारी तिने मला नारळाच्या शेंडीने घासून धुतलं. माझ्या कडेकडेने ठिपक्यांची रांगोळी घातली आणि खाचेत झेंडूचं फूल ठेवलं. आपली पाटी तिने मंजुळाबाईबरोबर मैदानावर पाठवली आणि पाहुणे बघायला स्वतः थांबली. अंगावर लग्नाकार्याला नेसायचं लुगडं होतं. मी इतका स्वच्छ कधीच नव्हतो, आणि खरं सांगतो, मला बरंही वाटलं. पण ऊन वर आलं, बाजाराची वेळ झाली आणि चौकात नुसता झाडूचा वास. कुठे "ताजी मेथी" नाही, कुठे भांडण नाही.

पाहुणे आले. त्यांत समीक्षा नावाची तरुण आर्किटेक्ट होती, गळ्यात कॅमेरा अडकवलेली. बाकीचे साहेब चहाकडे वळले; ही मात्र सरळ माझ्याकडे आली. रांगोळी मोडू नये म्हणून जपून बसली, माझ्या खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "किती देखणा चौक आहे हा! मावशी, या ओट्यांवर कोण बसतं हो?"

मी ओरडलो, सांग झुंबर, सांग की तुझी सासू बसायची, तिची सासू बसायची, तू बसतेस. पण दगडाचं ओरडणं कोण ऐकतं? झुंबरबाईने एकदा मागे उभ्या असलेल्या नारायणरावांकडे पाहिलं, पदर सावरला आणि मोठ्या आनंदाने म्हणाली, "कोनी नाई बसत, बाई. पाहा ना, कसं साफ हाय."

समीक्षाने मान डोलावली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. दुपारी मंजुळाबाई रिकामी पाटी घेऊन परत आली तेव्हा झुंबरबाई खुशीत होती. "लय गोड पोरगी हाय," ती सांगत होती. "तिले आपली पेठ लय आवडली."

पुढचे काही महिने सगळं पहिल्यासारखं चाललं. मग एक दिवस नारायणरावांच्या दुकानाबाहेर नव्या पेठेचं मोठं रंगीत चित्र लागलं. चौकात नक्षीदार दिवे, ओट्यांच्या मधे कुंड्या, दुकानांना नवे सज्जे. एक बाई कुत्र्याला साखळी बांधून फिरवत होती. आमच्या गावात कुत्र्यांना फिरवायला कोणी नेत नाही, ती आपली आपण फिरतात. लोक हसले, वाहवा म्हणाले. झुंबरबाई चित्राच्या पार जवळ जाऊन कितीतरी वेळ काहीतरी शोधत राहिली.

"भाऊ," शेवटी तिने विचारलं, "याच्यात आपन कुठी हाओत?"

नारायणरावांनी चष्मा लावला. चित्राखालचा मजकूर वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. बाजार बायपासजवळच्या नव्या शेडमध्ये जाणार होता. ओटे जपायचे होते, म्हणजे त्यांच्यावर काही ठेवायचं नव्हतं.

ते त्याच पावली कचेरीत गेले. परत आले ते थेट माझ्यावर येऊन बसले, भर चौकात, डोकं धरून. तिथे त्यांना फोटो दाखवले होते. भर बाजाराच्या दिवशीचा रिकामा चौक, रांगोळी घातलेले रिकामे ओटे. आम्ही मोकळ्या जागेचा नकाशा केला, आम्ही कोणाला उठवलेलं नाही, असं तिथल्या साहेबाने सांगितलं. शिवाय पेठेतल्याच एका बाईंनी स्वतः म्हटलं होतं की इथे कोणी बसत नाही.

"माह्यीच अक्कल मातीत गेली, झुंबरबाई," नारायणराव म्हणाले. त्यांचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता.

"तुमी कायले लावून घेता, भाऊ? बोलली तं मी," झुंबरबाई म्हणाली आणि मेथीच्या जुड्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिली. तिच्या बोलण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता, शरम होती. आपल्याच तोंडाने आपली जागा नाही म्हटली याची शरम. मला फार वाईट वाटलं, आणि मी तिच्या मांडीखाली गार पडून राहण्यापलीकडे काही करू शकलो नाही.

पेठेतल्या लोकांनी अर्ज केले, विनंत्या केल्या. काम थांबलं नाही. चौकाभोवती आडोशाचे पत्रे लागले आणि कारागीर आले. कारागीर चांगले होते, कामात कसूर नव्हती. त्यांनी गटार बुजवून नवीन नाली काढली, सज्जे उभे केले, आणि मला यंत्राने घासून गुळगुळीत केलं. मग एकाने माझी खाच पाहिली. 'कड तुटली आहे' असं म्हणून त्याने ती सिमेंटच्या मसाल्याने भरली, वर काळा रंग दिला आणि मान तिरपी करून समाधानाने बघत राहिला. पिढ्यान्‌पिढ्यांचे विळे त्या मसाल्याखाली गेले. बिचाऱ्याला काय ठाऊक!

बाजार बायपासला गेला. शेड नवी, पत्र्याची, पंख्यांची. चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या. झुंबरबाईला पार मागचा कोपरा आला आणि मंजुळाबाई दुसऱ्या टोकाला गेली. तिथे जायला झुंबरबाईला मळ्यातून चौफुलीपर्यंत एक गाडी आणि पुढे दुसरी. जुनी गिऱ्हाइकं एकदा-दोनदा शोधत गेली, मग ज्याला जिथे जवळ पडलं तिथून घेऊ लागली. इकडे नारायणरावांच्या दुकानात शुकशुकाट झाला. भाजीला आलेली बाई जाता जाता ब्लाउजपीस घ्यायची. भाजीच नाही तर ती कशाला येईल? चौक देखणा झाला होता, त्याचे फोटो झकास येत होते, आणि नारायणराव दिवसभर कापड मोजायचा गज हातात धरून रस्त्याकडे बघत बसायचे.

उद्घाटनाला समीक्षा आली. फीत कापली, भाषणं झाली, मंडळी जेवायला गेली. ती एकटी मागे राहिली आणि चौकात इकडून तिकडे फिरत होती. आपण केलेलं काम बघणाऱ्या माणसाच्या तोंडावर असायला हवा तसा आनंद तिच्या तोंडावर नव्हता. तेवढ्यात झुंबरबाई आली. बायपासला जाता जाता वाट वाकडी करून आली होती, डोक्यावर पाटी होती. तिने पाटी उतरवली, मेथीची एक जुडी काढली आणि माझ्यावर ठेवली.

"मावशी, हे काय?" समीक्षाने विचारलं.

"आज शुक्रवार हाय ना. ओटा उघडा ठेवू नाई."

समीक्षाने तिला ओळखलं. "तुम्ही बसायचात इथे? मग त्या दिवशी कोणी बसत नाही असं का सांगितलंत मला?"

झुंबरबाईने पाटी पुन्हा डोक्यावर घ्यायला हात लावला होता, तो तसाच राहिला. "पाहुना येते म्हनून मानूस घर आवरते, बाई," ती म्हणाली. "पसारा मांगं टाकते. आवरलेलं दिसलं म्हनून त्या घरात कोनी राहत नाई, असं असते का?"

समीक्षाने पाटीला हात लावून ती झुंबरबाईच्या डोक्यावर चढवून दिली. मी बोलून बघते, एवढंच पुढे म्हणाली. तिने प्रयत्न केला असावा. मध्यंतरी नारायणराव कोणाला तरी सांगत होते की आठवड्यातून एक दिवस बाजार इथे भरू द्यावा असं तिने कळवलंय आणि त्यावर विचार चालू आहे. विचार अजून चालूच आहे. ओल्या भाजीचे दगडावर डाग पडतील, अशी वर कोणाला तरी काळजी वाटते म्हणे.

तेव्हापासून दर शुक्रवारी झुंबरबाई वाट वाकडी करून यायची, जुडी ठेवायची आणि जायची. चौकात आता गोकुळ नावाचा रखवालदार असतो. गावचाच आहे, नव्या निळ्या गणवेशात जरा अवघडलेला. पहिल्यांदा त्याने हटकलं, "आजी, इथं काही ठेवाले मनाई हाय वं."

"तुह्या मायनं तुले माह्याच भाजीवर वाढोलं, बे," झुंबरबाई म्हणाली. "ठेवू दे."

गोकुळने जुडी राहू दिली. साहेबांची गाडी आली की तो जुडी उचलून आपल्या खुर्चीखाली लपवायचा, गाडी गेली की परत माझ्यावर ठेवायचा आणि बाटलीतलं पाणी तिच्यावर शिंपडायचा. संध्याकाळी घरी घेऊन जायचा. मला वाटायचं, चला, एका जुडीपुरता का होईना, मी अजून ओटा आहे.

गेल्या शुक्रवारी झुंबरबाई आली नाही.

सकाळ गेली. ऊन चढलं. लांबच्या गावची दोन माणसं आली, माझ्या पाटीशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढले आणि गेली. मी उघडाच. त्या धुतलेल्या शुक्रवारी होतो तसाच.

दुपार कलताना मंजुळाबाई आली. बायपासहून पायी आली असावी, कारण ती कडुनिंबाला धरून बराच वेळ दम खात उभी राहिली. मग तिने कमरेची पिशवी सोडली, मूठभर लाल मिरच्या काढल्या आणि माझ्यावर ठेवल्या. अगदी बाळंतपणात ठेवायची तशाच.

गोकुळ खुर्चीतून उठला. "झुंबरआजी कुठी हाय?"

"पाय सुजले तिचे. गाडीत चढनं होत नाई. सून म्हनते, आता बास, घरी बस." मंजुळाबाईने पदराने तोंड पुसलं. "धंदा सोडला तिनं. मले म्हने, तेवढा ओटा पाहाजो."

गोकुळने मिरच्यांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. तो पुन्हा खुर्चीत बसला.

माझं सांगून झालं. मला पाटी नको, पॉलिश नको, माझं वय किती ते कोणी मोजू नका. तुमचं या बाजूला कधी येणं झालं तर शुक्रवारी या. येताना जुडीभर, मूठभर, तुमच्या पिशवीत असेल ते काहीतरी आणा आणि माझ्यावर ठेवा. गोकुळ काही म्हणणार नाही. आणि कोणी हटकलंच, ही कोणाची जागा म्हणून विचारलं, तर आवरून-सावरून काही सांगू नका. झुंबरबाईची आहे म्हणून सांगा. ती यायची आहे.